संवादाला 20 गुण

गेल्या वर्षी नागपुरातल्या एका लघुपट पटकथा स्पर्धेची मी परीक्षक होते. निकाल लागला, बक्षिसं वाटली गेली, पेपरात फोटोही आला. त्यातली एक पटकथा मात्र अजून डोक्यातून जात नाही. ती पाचवी आली. माझ्या मते पहिल्या नंबरात आणि तिच्यात बरंच अंतर होतं, आणि ते तिच्या बाजूने होतं.

पटकथा वाचताना पहिल्या पानावरच कळतं की लिहिणाऱ्याला चित्र दिसतंय की तो गोष्ट सांगतोय. ‘रमेशच्या मनात विचारांचं काहूर माजतं’ हे कादंबरीत चालेल. कॅमेरा लावून उभ्या असलेल्या माणसाने त्याचं काय करायचं? ‘तिला आपलं बालपण आठवतं’ असं लिहून लेखक मोकळा होतो आणि ते आठवणं दिसणार कसं, हा प्रश्न दिग्दर्शकाच्या गळ्यात पडतो. विषयही ठरलेले: वृद्धाश्रम, मोबाइलचं व्यसन, मुलीचा जन्म, आणि शेवटी सगळ्या मोठ्यांना शहाणपण शिकवणारं एखादं लहान मूल. शेतकरी आत्महत्येवरच्या पटकथा वाचताना मला संताप येतो. विदर्भात राहून लिहिलेल्या असतात, पण शेतात कापूस उभा आहे की सोयाबीन, ओलिताची जमीन की कोरडवाहू, कर्ज बँकेचं की सावकाराचं, याचा पत्ता नसतो. झाड आणि दोर मात्र बारकाईने लिहिलेले असतात.

ती पाचवी आलेली पटकथा, ‘जागल’, माझ्यापर्यंत येणारच नव्हती. फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खच. आयोजकांकडच्या मुलाने यादीत तिच्यापुढे ‘बाद’ लिहून टाकलं होतं. गावाकडच्या टायपिंग सेंटरमध्ये अजून श्रीलिपीत काम चालतं, आणि तो फॉन्ट आपल्या मशीनवर नसला की मराठीचा असा चिवडा होतो. तालुक्याच्या ठिकाणाहून लिहिणाऱ्यांच्या किती पटकथा दरवर्षी अशा न वाचताच बाद होत असतील, याचा विचार कुठलाच आयोजक करत नाही. मी त्या मुलाला पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवायला लावली. लेखकांची नावं आम्हाला दिसत नव्हती, फक्त क्रमांक होते.

गोष्ट एका रात्रीची. पौष महिना, हरभरा घाट्यावर आलेला. रानडुकरांपासून पीक राखायला सखू मचाणावर जागलीला बसली आहे. धुऱ्यापलीकडच्या, म्हणजे बांधापलीकडच्या, शेतात एक म्हातारा त्याच्या मचाणावर. दोन्ही घरांत धुऱ्यावरून वाद आहे, बोलणं बंद आहे. डुकरं हाकलायला सगळे रिकामा डबा वाजवतात, आणि एकाचा डबा वाजला की आजूबाजूच्या शेतांतून दुसरे वाजतात. सखू सलग तीनदा वाजवते. म्हातारा दोनदा वाजवतो, थांबतो, मग एकदा. हे पटकथेत मोजून लिहिलं होतं. म्हातारा एकदाही जवळून दिसत नाही, पण तिसऱ्या पानापर्यंत त्याचा डबा आपल्याला ओळखता येऊ लागतो. मग हा तुकडा येतो:

‘दृश्य 4. बाह्य. सखूचं मचाण. उत्तररात्र.
सखू डबा वाजवते. तीनदा.
दूर, उत्तरेकडून एक डबा. मग नाल्यापलीकडून दुसरा.
धुऱ्यापलीकडून काही नाही.
सखू पुन्हा वाजवते. या वेळी तोंड धुऱ्याकडे करून.’

‘तोंड धुऱ्याकडे करून’ या तीन शब्दांसाठी मी पान खाली ठेवलं. इतक्या वर्षांचा अबोला, काळजी, हाक मारता न येणं, सगळं तिथे आहे. कॅमेऱ्याला दिसेल असं आहे. नटीला करता येईल असं आहे.

पुढे सखू धुरा ओलांडते. म्हातारा तापाने फणफणून पडला आहे. ती त्याला घोंगडं पांघरते आणि त्याच्या मचाणावर बसून त्याचा डबा वाजवते: दोनदा, थांबून एकदा. आजूबाजूच्या शेतांतून नेहमीसारखी उत्तरं येतात. तिच्या स्वतःच्या शेतात त्या वेळी डबा वाजवायला कुणी नाही. सकाळी म्हाताऱ्याचा हरभरा उभा आहे आणि तिचा तुडवलेला. पटकथा तिथे संपते. पूर्ण पटकथेत बोलली जाणारी वाक्यं चार.

आयोजकांनी तिच्यावर ‘कालावधी अपुरा’ असा शेरा मारला होता, कारण पानं सहाच आणि नियम दहा मिनिटांच्या लघुपटाचा. एक पान म्हणजे एक मिनिट हा ठोकताळा कुरियर फॉन्टच्या 12 पॉइंटमधल्या इंग्रजी पटकथेसाठी बसवलेला आहे. देवनागरीत फॉन्ट आणि ओळींमधलं अंतर बदललं की तो कोलमडतो. शिवाय ‘सखू ऐकते’ ही ओळ कागदावर दोन शब्दांची असली तरी पडद्यावर ती अर्धा मिनिट चालू शकते. मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून प्रत्येक हालचाल मनात घडवत, टेबलावर बोटांनी डबा वाजवत ती वाचली. साडेनऊ मिनिटं भरली.

मग गुणपत्रिका. कथा 25, रचना 25, पात्रं 20, संवाद 20, संदेश 10. परीक्षक आम्ही तिघं. त्यातले एक विदर्भातले ज्येष्ठ रंगकर्मी, झाडीपट्टीच्या रंगभूमीवर मुरलेले. वडसा भागात रात्रभर चालणारी ती नाटकं मी पाहिली आहेत. तिथे संवादावर टाळी पडते आणि त्या टाळीवर नटाचं पोट चालतं. त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. धरमपेठेतल्या बैठकीत ते मला म्हणाले, “मॅडम, चार वाक्यांना मी वीसपैकी किती देऊ, तुम्हीच सांगा.” त्यांनी 4 दिले होते. मी 18. मी म्हणाले, “भाऊ, डबा हाच संवाद आहे. सखू त्या माणसाशी बोलत नाही, पण त्याची लय तिला पाठ आहे. शेवटी ती त्याच्या आवाजात बोलते.” ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “ते पटून राहिलं मला. पण मग ते कथेत धरा ना, संवादात कसं धरू?”

तिसरे परीक्षक मुंबईहून ऑनलाइन होते, जाहिरातपट करणारे. धुरा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना बांध म्हणून सांगावं लागलं. ठाऊक नसण्यात काही गैर नाही. पण वाचताना अडलं तर विचारायचं असतं. त्यांनी ‘भाषा दुर्बोध’ असा शेरा लिहून गुण कापले होते. संदेशाला 3. त्यांना काही वेगळं सांगेपर्यंत दोनदा लाइन तुटली.

मी म्हटलं, बेरीज बाजूला ठेवू आणि वरच्या पाच पटकथांवर पुन्हा बोलू. आयोजक म्हणाले, गुण एक्सेलमध्ये गेले आहेत, आता बदलले तर आक्षेप येतील. त्यांची भीती खोटी नाही. पण तिघांच्या बेरजेत नेहमी काय होतं तेही त्यांना ठाऊक होतं: जी पटकथा कुणालाच खटकत नाही ती वर येते, आणि जिच्यावरून दोन परीक्षक भांडतात ती खाली जाते. पहिली आलेली मोबाइलच्या व्यसनावरची पटकथा नीट बांधलेली होती, चुका नव्हत्या, संदेशाला तिघांकडूनही भरपूर गुण होते. मी तिच्याविरुद्ध नाही. आज तिच्यातलं एकही दृश्य मला आठवत नाही.

हाती लागलं ते एवढंच की ‘जागल’ला परीक्षकांचा विशेष उल्लेख मिळाला. प्रमाणपत्र, रोख रक्कम नाही.

निकालाच्या दिवशी कळलं की लिहिणारी भिवापूर तालुक्यातली एक अंगणवाडी सेविका आहे. पोषण आहाराच्या नोंदी करता करता वहीच्या मागच्या पानांवर लिहिलेली पटकथा. परतीची एसटी चुकू नये म्हणून ती सारखी घड्याळ बघत होती. तिने मला एकच विचारलं, “मॅडम, संवादाला किती गुण भेटले?”

मी खरं सांगितलं. ती म्हणाली, “जागलीत कोण बोलते, मॅडम? बोलण्यात गुंतलं का डुक्कर हरभऱ्यात.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, पण तिला वाईट वाटलं होतं हे दिसत होतं. परीक्षकांना हे कळू नये याचं तिला नवल वाटत होतं.

चहाच्या वेळी एक जण तिच्याजवळ आला. “आम्ही शूट करतो, स्क्रिप्ट देऊन टाका, फक्त थोडे डायलॉग टाकावे लागतील.” ती हो म्हणण्याच्या बेतात होती. मी तिला बाजूला घेतलं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी, सहीचा करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, क्षेत्र लिहिलं नसेल तर भारत. तोंडी काहीच द्यायचं नाही, आणि डब्यांची लय तुला विचारल्याशिवाय बदलणार नाही हे करारात लिहून घे, असं तिला सांगितलं. तिने ते प्रमाणपत्राच्या लिफाफ्यावर उतरवून घेतलं.

यंदा आयोजकांनी पुन्हा बोलावलं आहे. मी त्यांना नवी गुणपत्रिका पाठवली: संवादाचा वेगळा रकाना काढायचा, त्याऐवजी ‘दृश्य आणि ध्वनी’ला 30 गुण द्यायचे, संदेशाचा रकाना रद्द, आणि कुठल्याही पटकथेवर दोन परीक्षकांमध्ये 20 पेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर बेरजेआधी चर्चा. फाइल कुठल्याही फॉन्टमध्ये आली तरी बाद करायची नाही, हेही लिहिलं. पहिलं आणि शेवटचं त्यांना मान्य आहे. चर्चेसाठी वेळ काढू म्हणतात. संदेशाचा रकाना प्रायोजकांना हवा आहे, म्हणून तो ठेवावा लागेल, असा फोन आला होता. तो राहिला तर मी परीक्षक म्हणून येणार नाही, असं मी कळवलं आहे.