गळ्याशी लावलेली सेफ्टीपिन

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत तिकीट लागत नाही, म्हणून घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना तिथे घेऊन जातो. २०२५च्या मे महिन्यात मात्र मी एकटीच गेले, तेही तीनदा. कृष्णवर्णीय कलावंत एलिझाबेथ कॅटलेटचं प्रदर्शन लागलं होतं.

पहिल्या दिवशी एकाच चित्रापाशी अडकले. ‘शेअरक्रॉपर’, १९५२चं लिनोकट. दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणारी कृष्णवर्णीय बाई, डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी. अंगातल्या कपड्याला गळ्याशी बटण नाही, तिथे सेफ्टीपिन लावलीय. माझ्या आजीच्या बांगडीत कायम दोन-तीन पिना अडकवलेल्या असायच्या. गळ्याशी आलं म्हणून काम थांबत नसे.

लिनोकट म्हणजे शाळेतल्या बटाट्याच्या ठशांचाच मोठा भाऊ. बटाट्याऐवजी लिनोलियमचा तुकडा. कोरून काढलं ते कोरं राहतं, उरलेल्यावर शाई बसते. पण कॅटलेट मुळात शिल्पकार. त्या बाईच्या गालावरून, मानेवरून तिची हत्यारं अशी फिरलीत की कागदावरचा चेहरा लाकडातून काढल्यासारखा वाटतो.

कॅटलेटचा जन्म इथलाच, वॉशिंग्टनमधला, १९१५चा. १९४६ साली शिष्यवृत्तीवर मेक्सिकोला गेली आणि तिथलीच झाली. तिथे ‘तायेर दे ग्राफिका पोपुलार’ या छापखान्यात चित्रकार एकत्र बसून पोस्टर, पत्रकं काढत. लिनो स्वस्त, प्रती हव्या तितक्या, चित्र थेट कामगाराच्या हातात. शिल्पकार फ्रान्सिस्को झुनिगाकडे ती मातीच्या वळ्या एकावर एक रचून मूर्ती घडवायला शिकली, स्पॅनिश लोक येण्याआधीची तिथली जुनी पद्धत. आफ्रिकी मुखवट्यांची ओढ तर आधीपासूनच होती. पुढच्या दालनातली तिची आई-मुलाची शिल्पं पाहिली की हे सगळं एकत्र भेटतं. घट्ट, गोलाई असलेली, जमिनीत पाय रोवलेली माणसं.

१९६२ मध्ये तिने मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि अमेरिकेने तिला ‘नकोशी परकी’ ठरवून कित्येक वर्षं व्हिसा नाकारला. जन्मगावी यायला परवानगी मागायची! व्हिसाच्या तारखा मोजत इथे राहणाऱ्या मला ती ओळ वाचून पुढे सरकवेना. गेलेलं नागरिकत्व अमेरिकेने २००२ मध्ये परत दिलं, तेव्हा ती सत्त्याऐंशीची होती.

तिसऱ्या खेपेला शेतकरणीचा फोटो काढून आईला पाठवला. सोबत काहीच लिहिलं नव्हतं. संध्याकाळी तिचा फोन आला, “अगं, हिने गळ्याशी पिन लावलीय, पाहिलंस का?”