४८०० चं मँडोलिन आणि दोन महिने बोटांना शिव्या

दिवाळीच्या सेलमध्ये ऑनलाइन ४८०० रुपयांचं मँडोलिन घेतलं. कारण काही फार मोठं नव्हतं, लहानपणी गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात एकजण वाजवायचे तो आवाज डोक्यात राहिलेला, आणि नंतर कधीतरी वाचलं की लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत कुडाळकर आधी मँडोलिनच वाजवायचे, मग काय, दाबलं बटण. बायको एवढंच म्हणाली, माळ्यावर बाजाची पेटी आहे ती आठवते का.

बॉक्स उघडला तर घोडी वेगळ्याच पिशवीत, म्हणजे ब्रिज ओ, तारा जिच्यावर टेकतात ती. मला वाटलं तुटूनच आलं, रिटर्न टाकायला बसलो होतो, मग कळलं की याची घोडी चिकटवलेली नसतेच, ती नुसती तारांच्या दाबावर उभी राहते. म्हटलं सोपंय. दिसायला बरी वाटली तिथे उभी केली आणि अॅप लावून तारा लावायला घेतल्या. जी डी ए ई, व्हायोलिनसारखंच, फक्त प्रत्येक सुराच्या दोन-दोन तारा म्हणून एकूण आठ. ई लावताना सप्तक बघितलंच नाही, खुंटी पिळत गेलो पिळत गेलो आणि टण्णकन तार तुटून मनगटावर. पहिला दिवस असा.

मग भूप राग धरला, कारण पाचच स्वर. डी ला सा मानला की मोकळी डी सा, दुसऱ्या पडद्यावर (म्हणजे फ्रेटवर) रे, चौथ्यावर ग, मग मोकळी ए म्हणजे प, तिच्या दुसऱ्या पडद्यावर ध आणि पाचव्यावर वरचा सा. कागदावर एकदम मस्त. पण वाजवलं की कसंतरीच लागायचं. मोकळ्या तारा सुरात, बोट ठेवलं की चढा, आणि जितकं वर जावं तितका जास्त चढा. दोन तारा एकदम दाबायच्या म्हणजे जोर लागतो, त्यात तारा पडद्यापासून इतक्या उंच की पहिल्या आठवड्यात बोटांची सालं निघाली. मी समजलो आपलंच बोट वाकडं पडतंय, आपल्याला कानच नाही. दोन महिने हेच. रात्री घोडीजवळ तारांखाली रुमाल खुपसून वाजवायचो म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नको, खरं तर मलाच ऐकवत नव्हतं.

शेवटी सांगलीहून मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीत. जाताना लाज वाटत होती. इथल्या सतारीला नि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आणि मी हे प्लायवूडचं बाळ घेऊन चाललोय. एका दुकानात चाचा भोपळा घासत बसले होते. त्यांनी हात पुसले, एक तार छेडली, बाराव्या पडद्यावर बोट ठेवून परत छेडली आणि विचारलं, "घोडी कुणी बसवली?"

म्हटलं मीच.

"दिसतंय."

मग मोजपट्टी काढली. खुंट्यांजवळ तारा जिच्या खाचांतून जातात त्या वरच्या पट्टीपासून बाराव्या पडद्यापर्यंत साडेसतरा सेंटीमीटर, आणि तिथून घोडीपर्यंत सतराच. हे दोन्ही सारखं पाहिजे, उलट घोडीकडे केसभर जास्तच, कारण तार दाबली की ती ताणली जाते. माझ्याकडे अर्धा सेंटीमीटर कमी होतं, म्हणून सगळं चढं. बोटांचा काही संबंधच नव्हता! मला हसावं का रडावं कळेना.

त्यांनी तारा सैल केल्या पण काढल्या नाहीत (सगळ्या एकदम काढायच्या नाहीत, घोडी पडते आणि जागा जाते, हे दोनदा बजावलं). घोडीचा तळ पॉलिश पेपरवर घासून खाली नीट टेकेल असा केला, तिच्या बाजूच्या चकत्या फिरवून उंची खाली आणली, वरच्या पट्टीच्या खाचा बारीक कानशीनं जरा खोल केल्या. बाराव्या पडद्यावर तार चारेक मिमी उंच होती ती दोनच्या आसपास आली. पाऊण तास गेला असेल. मी विचारलं यावर मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं) येते का, तर म्हणाले जोडतारेवर कशी ओढणार, कर्नाटक संगीत मँडोलिनवर वाजवणाऱ्या यू. श्रीनिवास यांनी म्हणूनच जोड्या काढून पाच एकेरी तारा ठेवल्या, तेही इलेक्ट्रिक. तुम्ही आधी भूप सरळ वाजवा.

२५० रुपये घेतले. ४८०० च्या वस्तूला खरं वाद्य त्या २५० नी केलं असं माझं प्रामाणिक मत, त्यामुळे स्वस्त घेताय तर घ्या पण हा खर्च आधीच धरा.

आता भूप भूपासारखा लागतो. ट्रेमोलो, म्हणजे एकच सूर भराभर छेडत राहणं, अजून मोटार गरम झाल्यासारखा होतो, मनगट सैल सोडायच्या ऐवजी कोपरातूनच हात हलतो. आणि जी ची एक खुंटी दर अर्ध्या तासाला उतरते, तिच्यासाठी पुढच्या शनिवारी परत मिरज.