निळूभाऊंचा खलनायक आवाज चढवत नाही

१३ जुलै

२००९ साली आजच्याच तारखेला निळू फुले गेले. आज दिवसभर पुन्हा तेच ऐकू येणार. गॅदरिंगचा नकलाकार असो की टीव्हीवरचा विनोदवीर, घसा खरवडून ‘बाई, वाड्यावर या’ म्हणायचं आणि टाळी घ्यायची. एवढ्या मोठ्या नटाची ओळख त्या एका वाक्यात अडकून पडावी, याचं वाईट वाटतं. नक्कल करणाऱ्यांना आवाज सापडतो, पण तो माणूस का बोलतोय हे सापडत नाही.

१९७५ च्या ‘सामना’मधला हिंदूराव धोंडे पाटील पुन्हा बघावा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि समोर मास्तरांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. हिंदूराव साखरसम्राट आहे. तो ओरडत का नाही, याचं उत्तर साखर कारखान्याच्या कारभारातच आहे. आडसाली, म्हणजे पावसाळ्यात लावलेला ऊस सोळा-अठरा महिन्यांत तोडणीला येतो. तोड वेळेवर मिळाली नाही की उसाला तुरा येतो, वजन घटतं, पुढच्या पिकासाठी रान मोकळं होत नाही आणि सोसायटीचं कर्ज तसंच राहतं. कोणाच्या फडात ऊसतोड टोळी आधी पाठवायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं, त्याला आवाज चढवायची गरजच काय? त्याने नुसतं ‘बघू’ म्हटलं तरी समोरच्याचं वर्ष बुडू शकतं. धोतर, टोपी, सावकाश चाल हे सगळं त्या ‘बघू’मागून येतं. नकलाकार मात्र धोतरापासून सुरुवात करतो.

आवाजाचंही तसंच. निळूभाऊंचा खर्ज घोगरा होता खरा, पण भीती वाटायची ती वाक्याच्या तोडणीमुळे. वाक्याची सुरुवात सैल, जवळजवळ लाडाची. मग नेमक्या शब्दाआधी थांबणं, आणि तो शब्द आधीपेक्षा हळू. नवखा नट उलट करतो. सगळे शब्द सारखेच ताणतो, त्यामुळे धमकी विनोदी होते. वर घसा आवळून खरखर काढली की आवाजातले चढउतार संपतात, वाक्यांचे शेवट गिळले जातात, आणि नाटक असेल तर दुसऱ्या अंकापर्यंत घसा बसतो. अशी भूमिका बसवायची तर आधी वाक्य स्वतःच्या नेहमीच्या आवाजात, संथ म्हणून बघावं. मग आवाज उतरवावा, पण शेवटच्या रांगेपर्यंत प्रत्येक अक्षर पोचलं पाहिजे. खरखर सगळ्यात शेवटी. तिच्याशिवाय वाक्य अंगावर येत नसेल, तर तिच्यामुळेही येणार नाही.

आणि ऐकणं. मला वाटतं, हीच त्यांची सगळ्यात मोठी ताकद. ‘सामना’त मास्तर गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हे पुन्हा पुन्हा विचारत राहतात, तेव्हा कॅमेऱ्यासमोर हिंदूरावाला फारसं काही करायचं नसतं. अर्धवट मिटलेल्या पापण्यांखाली हिशेब चाललेला दिसतो, आणि या दरिद्री, दारुड्या माणसाने आपल्याला बरं म्हणावं अशी एक चमत्कारिक भूकही दिसते. खलनायकाला कोणाच्या तरी नजरेत चांगलं ठरायचं असतं, हे दाखवणारे नट आपल्याकडे फार थोडे. समोर लागूंसारखा नट असताना हावभाव वाढवायचा मोह कोणालाही झाला असता.

हे कान आले कुठून? लोकनाट्यातून, असं मी ठामपणे म्हणेन. पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम, राष्ट्र सेवा दलाचं कलापथक, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ हे लोकनाट्य, आणि मग १९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ चित्रपटातला झेलेअण्णा. लोकनाट्यात बतावणी, म्हणजे विनोदी संवादांची जुगलबंदी, रंगते ती समोरच्याने आत्ता काय टाकलं ते पकडल्यावर. पाठ केलेलं उत्तर तिथे पडतं. १९७२ च्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये हाच नट रंगमंचावर शिव्या देणारा, आरडाओरडा करणारा सखाराम उभा करतो. म्हणजे मोठा आवाज त्यांच्याकडे होताच. पडद्यावर तो राखून ठेवला, ही निवड होती.

१९७९ च्या ‘सिंहासन’मध्ये तर ते खलनायकही नाहीत. पत्रकार दिगू टिपणीस मंत्र्यांच्या खोल्यांत जातो, ऐकतो, निघतो. हिंदूरावात जे कान सत्तेचे होते, तेच इथे सत्तेपुढे हतबल होतात आणि शेवटी माणूस भ्रमिष्ट होतो.

हिंदीने त्यांना पुरेसं वापरलं नाही, याची हळहळ वाटते. पण १९८४ चा ‘सारांश’ आहे. गजानन चित्रे हा मुंबईतला पुढारी. इथे ना वाडा, ना ऊस, ना गावकी. भाषाही परकी, आणि मराठी वळण त्यांनी लपवलेलं नाही. तरी कथेतल्या वृद्ध प्रधान दांपत्याच्या घरात तो आला की घरातली हवा बदलते. ‘वाड्यावर’ची नक्कल करणाऱ्याने आधी हे प्रसंग आवाज बंद करून पाहावेत, आणि समोरचा बोलत असताना निळूभाऊ काय करतात तेवढंच टिपावं.