नवी फोर-बाय-फोर देऊन जुनी लँड रोव्हर घेतली: माझा अनुभव

माझी ऑटोमॅटिक गियरची, कॅमेरे-सेन्सरवाली ऑफ-रोड गाडी देऊन मी सीरीज ३ लँड रोव्हर घेतली. ही गाडी १९७१ ते १९८५ या काळात बनली. माझी ८८ इंच व्हीलबेसची, २२८६ सीसी पेट्रोल इंजिनाची आहे. अशी अदलाबदल करणाऱ्याला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन: लोखंड आधी पाहा, इंजिन शेवटी. इंजिन उतरवून सावकाश दुरुस्त करता येतं. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, सडलेली असेल तर मात्र तिच्यावरची अख्खी गाडी उतरवावी लागते.

या गाडीचा बहुतेक पत्रा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, म्हणून ती वरून धडधाकट दिसते. चेसिस आणि डॅशबोर्डमागची भिंत, म्हणजे बल्कहेड, पोलादी असतात. चेसिसची पेटी आतून गंजते, बाहेर रंगाचा फुगवटा दिसेपर्यंत पत्रा कागदासारखा झालेला असतो. पाव किलोची हातोडी घेऊन गाडीखाली जा आणि प्रत्येक वीतभर अंतरावर ठोका. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं बद्द वाजतं. मागचा आडवा बीम, कमानपाट्यांचे हँगर आणि बाजूला निघालेले आउटरिगर इथे चिखल साचतो, तिथे जास्त वेळ द्या. नुकतंच फासलेलं जाड काळं अंडरकोट दिसलं तर स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. बल्कहेडमध्ये पायाखालचे कोपरे आणि दाराच्या बिजागऱ्यांचे खांब आधी जातात. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम जिथे टेकतात तिथे पांढरी भुकटी सापडेल. ओल लागली की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

चेसिस नंबर उजव्या बाजूच्या पुढच्या हँगरवर ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशने हलकेच साफ करा, ग्राइंडर लावू नका, अक्षरंच निघून जातील. हा नंबर आणि कागदांवरचा नंबर अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे.

कागदपत्रांत मी एकच काळजी घेतली: ‘अदलाबदल’ असा एक कागद न करता दोन वेगळे विक्रीकरार केले. दोन्हीत किंमत लिहिली आणि वरचा फरक कुणी कुणाला दिला तेही. ताबापावतीवर तारखेबरोबर वेळही घातली, कारण त्या दिवशीचा वाहतुकीचा दंड कुणाचा हा प्रश्न वेळेवरच ठरतो. नवी गाडी देताना फोनची जोडणी, साठवलेले पत्ते आणि मोबाइल अ‍ॅपवरची मालकी काढून टाका. अ‍ॅपवर तुमचं नाव राहिलं तर पुढच्या मालकाची गाडी तुमच्या फोनवर दिसत राहील.

इंजिन थंड असतानाच सुरू करायचं. आल्याबरोबर ब्लॉकला हात लावला आणि तो कोमट लागला, तर दुसऱ्या दिवशी या. उतारावर गियरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर सोडून पाहा. गियर आपोआप न्यूट्रलला उडत असेल तर गियरबॉक्स उघडण्याचा खर्च धरून चाला. मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला की दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर चाक ज्यावर वळतं त्या स्विव्हल पिनचा. दुसरं काम बरंच मोठं असतं.

ही तपासणी करताना एक धोका लक्षात ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर बॉक्स, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलकडे वाटणारी पेटी, तिच्यामागे एकच ड्रम असतो आणि तो अ‍ॅक्सलकडे ताकद नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, धरतो. मागचं एक चाक उचललं की डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरजोडणी, मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घरंगळते. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावल्याशिवाय जॅक लावू नका.

गाडी ताब्यात आल्यावर पहिलं काम ब्रेकचं. रबरी होज आणि व्हील सिलिंडर दिसायला चांगले असले तरी बदला. हवा काढताना सगळ्यांची चूक एकच होते: लायनर सैल ठेवून ब्लीड करतात, मग पेडल खोल जातं आणि दोष पेडलने दाबल्या जाणाऱ्या मास्टर सिलिंडरवर येतो. आधी प्रत्येक चाकाचा अ‍ॅडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकाने सुरुवात करून हवा काढा आणि शेवटी चाक मोकळं फिरेल एवढंच सैल करा.

तेल बदलताना भरायचा प्लग आधी उघडा. तो जाम निघाला आणि खालचा आधीच उघडलेला असेल तर गाडी जागेवरच अडकते. मुख्य गियरबॉक्सला दीड लिटर लागतं, ट्रान्सफर बॉक्सला अडीच, प्रत्येक डिफरेन्शियलला पावणेदोन आणि प्रत्येक स्विव्हलला अर्धा. गियरबॉक्समध्ये मी जीएल-४ दर्जाचंच तेल घातलं, कारण जीएल-५ मधली काही रसायनं गियर सहज पडायला मदत करणाऱ्या पितळी सिंक्रो रिंगना मानवत नाहीत. ट्रान्सफर बॉक्सची पातळी वाढत आणि गियरबॉक्सची घटत गेली तर दोघांमधला सील गेला असं समजा.

स्टिअरिंगला सहा बॉल जॉइंट असतात. काढताना किती आटे फिरवले ते मोजून लिहा, नवा तेवढाच बसवा, म्हणजे टो-इन (पुढची चाकं समोरून किती आत वळलेली ते) जवळपास जागेवर येतं. ते १.२ ते २.४ मिलिमीटर हवं. स्टिअरिंग रिले, म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकांकडे पोचवणारी मधली जोडणी, मात्र घरी खोलू नका. आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते, ती सुटली तर जबर इजा होते.

इग्निशनचा पॉइंट गॅप, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमधली फट, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची मोकळी फट, ०.२५ मिलिमीटर. इथे नऊचा हिशेब फार उपयोगी पडतो: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिला सेट करायचा, सहावा उघडा असताना तिसरा, म्हणजे दोघांची बेरीज दरवेळी नऊ. जुन्या पेट्रोल होज इथेनॉलमिश्रित इंधनाने आतून सुटतात आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. त्या सगळ्या बदला. दिवे मंद असतील तर बल्बपेक्षा अर्थिंगवर आधी संशय घ्या.

नव्या गाडीच्या सवयींपैकी एक इथे हमखास नडते. तिथे बऱ्याचदा पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये सेंटर डिफरेन्शियल असतं, इथे नाही. पिवळी मूठ खाली दाबली की पुढचा अ‍ॅक्सल जोडला जातो आणि पुढच्या-मागच्या शाफ्टना एकाच वेगाने फिरावं लागतं. कोरड्या डांबरी रस्त्यावर वळताना हा ताण निघायला जागा नसते, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी चाक फिरवणारा हाफ शाफ्ट तुटतो. चिखल, वाळू, सैल खडी संपली की लगेच बाहेर या: थांबा, लाल दांडी मागे ओढा, पुन्हा पूर्ण पुढे ढकला, पिवळी मूठ वर उडते. लाल दांडी मागे असताना लो रेंज, म्हणजे कमी वेगाची पण जास्त ओढीची गियरपातळी, असते आणि फोर-व्हील आपोआप लागतं, ती फक्त थांबूनच लावायची.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर कमानपाट्यांचे यू-बोल्ट आणि चाकांचे नट पुन्हा आवळा, नवे भाग बसले की ते सैल होतातच. फ्लायव्हील हाउसिंगच्या तळाला एक भोक आहे, त्याचा प्लग फक्त खोल पाण्यात उतरताना लावायचा असतो. बाहेर आलात की काढून ठेवा. तो कायम लावून ठेवला तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून झिरपलेलं तेल आत साचतं आणि क्लच प्लेट भिजून घसरू लागते.