तोमारच्या खिडकीवरचा क्रूस

लिस्बनचे तीन दिवस चढउतारांच्या गल्ल्यांत सरले. लिहायचे आहे ते पोर्तुगालमधल्याच तोमार गावातल्या एका खिडकीविषयी.

दोन तासांच्या रेल्वेप्रवासानंतर टेकडी चढून ख्रिस्त संघाच्या मठात पोहोचलो, तेव्हा खिडकीसमोरच्या गच्चीवर छायाचित्रांसाठी रेटारेटी चालली होती. एक वाटाड्या ‘ही टेम्पलरांची खिडकी’ एवढेच सांगून आपला गट पुढे घेऊन गेला, याचे मला फार वाईट वाटले. वास्तुकार दियोगु द अरुदाने १५१० ते १५१३ च्या सुमारास ही खिडकी घडवली, तेव्हा टेम्पलर संघ, म्हणजे धर्मयुद्धांच्या काळातला लढवय्या ख्रिस्ती साधूंचा संघ, विसर्जित होऊन दोनशे वर्षे लोटली होती.

गर्दी ओसरल्यावर कठड्याला टेकून पाहत राहिलो. शेवाळलेल्या दगडात पीळ घातलेले जाड दोरखंड, त्यांच्या गाठी, साखळ्या आणि प्रवाळ कोरलेले आहेत. दोन बाजूंच्या बुरुजांपैकी एकाला बकलाचा पट्टा वेढलेला आहे. ती इंग्लंडच्या गार्टर या सरदारी संघाची खूण मानली जाते. या सर्वांच्या वर ख्रिस्त संघाचा क्रूस आहे. दगडात रंग नाही, त्यामुळे टोकांकडे रुंदावणारा लाल क्रूस आणि त्याच्या पोटातला सडपातळ पांढरा क्रूस मनानेच भरून घ्यावा लागतो.

१३१२ मध्ये पोपने टेम्पलर संघ मोडीत काढला. मात्र राजा दिनिशने त्याची पोर्तुगालमधली मालमत्ता बाहेर जाऊ न देता १३१९ मध्ये तिच्यावर हा नवा ख्रिस्त संघ उभा केला. टेम्पलरांचा लाल क्रूस राहिला, त्यात पांढरा आला. तो पांढरा रंग निर्दोषत्वाचा, असा अर्थ लावला जातो, आणि मला तो पटतो. पाखंडाचा ठपका बसलेल्यांचा वारसा चालवायचा, तर तो निष्कलंक असल्याचे चिन्हातूनच सांगणे भाग होते.

१४२० पासून राजपुत्र हेन्री या संघाचा प्रशासक होता, संघाचा पैसा सागरी मोहिमांना लागला आणि हाच क्रूस जहाजांच्या शिडांवर चढला. माझे आजोळ गोव्यातल्या बार्देशात आहे. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा घेतला तो १५१० मध्येच. इकडे हे दोरखंड दगडात उतरत होते, तेव्हा खरे दोरखंड मांडवीच्या मुखाशी पोहोचले होते. ते लक्षात आल्यावर मला तिथून हलवेना.

परतीची गाडी चुकली. स्थानकावर बसून वहीत तो क्रूस रेखाटला. पहिल्या दोन वेळा आतला क्रूस आधी काढला आणि चित्र बिघडले. तिसऱ्यांदा लाल पेन्सिलीने बाहेरचा भरताना मध्ये तेवढी जागा कोरी सोडली, तेव्हा तो नीट उमटला.