पिकअपच्या हौद्यावरचा तंबू : झाकण, बिजागरी आणि पावसातल्या तीन फेऱ्या

रविवारी कोल्हापूर ते गगनबावडा, साधारण 55 किलोमीटर, वाटभर पाऊस होता. पोचल्यावर झाकण उचललं आणि आधी हात घातला तो गादीच्या पायाकडच्या डाव्या कोपऱ्यात. कोरडा! या आधीच्या दोन्ही फेऱ्यांत तोच कोपरा ओलाचिंब निघाला होता. म्हणून आज ही नोंद जरा सविस्तर लिहिते आहे, कारण कोपरा कोरडा करण्यात जेवढे दिवस गेले तेवढे अख्खा सांगाडा करायलाही लागले नव्हते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. पिकअपच्या हौद्यावर झोपायचा, मिटता येणारा तंबू मी केला आहे : खाली पेटी, वर बिजागरीवर उघडणारं झाकण, मध्ये कापड. गाडी आप्पांची, सिंगल केबिनची बोलेरो पिकअप. हौदा सव्वाआठ फूट लांब. गुऱ्हाळाच्या हंगामात तिच्यावर गुळाचे रवे जातात, त्यामुळे उसाचा हंगाम संपेपर्यंत मी तिला हात लावला नाही. आप्पांची अट एकच : सोमवारी सकाळी गाडी मोकळी पाहिजे. माझीही एकच : तंबू मला एकटीने उघडता आणि मिटता आला पाहिजे. माझी उंची 5 फूट 1 इंच. या दोन अटींनी जवळजवळ सगळे निर्णय ठरवले.

पहिल्या अटीमुळे गाडीच्या अंगाला एकही वेल्ड नाही आणि चेसीला एकही भोक नाही. हौद्यात चार खांबांची घोडी यू-बोल्टने आवळली आहे आणि तिच्यावर तंबूची पेटी चार बोल्टवर बसते. शेडच्या तुळईला चेन पुली लावली आहे. बोल्ट काढायचे, पेटी वर ओढायची, गाडी खालून पुढे घ्यायची. वीस मिनिटांचं काम. कायद्याच्या बाजूनेही हेच बरं वाटलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत आपल्या मनाने बदल करता येत नाही. तुम्ही करणार असाल तर आपल्या आरटीओत आधी विचारून घ्या, मग लोखंड कापा.

घोडी पहिल्यांदा चढवली तेव्हा ब्रेक मारला की वरची पेटी पुढेमागे डुलायची. खांब जाड होते, पण चौकट नुसती चौकोनी होती. दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्यांची कैची मारली आणि डुलणं थांबलं. जाड नळीपेक्षा तिरकी पट्टी स्वस्त पडते आणि हलकीही.

आता वजन. पेटीचा तळ 2.1 मीटर बाय 1.2 मीटर. चौकट 25 बाय 25 ची, 1.6 मिमी जाडीची लोखंडी चौकोनी नळी. तिचं वजन मीटरला 1.2 किलोच्या आसपास भरतं. वर 9 मिमीचा मरीन प्लाय. दुकानदार 12 चा घ्या म्हणत होता, पण खाली दर दीड फुटाला आडवी नळी असल्यावर 9 चा पुरतो, आणि तेवढ्यानेच पाच किलो वाचतात. प्लायवर आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघूनच घ्या. कापलेल्या सगळ्या कडांना दोन हात रंग द्या, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

मोठी चूक झाली ती झाकणात. पहिलं झाकण मी लोखंडी चौकटीवर 1 मिमीचा जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पत्रा मारून केलं. दिसायला सुरेख आणि दणकट. वजन 35 किलोच्या वर गेलं. मला ते वीतभरसुद्धा उचलेना. पत्रा चौरस मीटरला जवळजवळ आठ किलो असतो, हा हिशेब आधी कागदावर मांडायला हवा होता. ते झाकण आता गोठ्याच्या पाणवठ्यावर सावली धरून आहे. दुसरं झाकण अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचं, वर 3 मिमीचा एसीपी, म्हणजे दोन पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांमध्ये प्लॅस्टिक असलेला पत्रा. हा पत्रा पाट्या करणाऱ्यांकडे 8 बाय 4 फुटांत सहज मिळतो आणि वजनाला निम्मा. कडा, कापड, खिळेस्क्रू धरून झाकण 21 किलोवर आलं. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे भेटतात तिथे मध्ये रबर घातलं आहे, नाहीतर ओलीत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं.

तरी 21 किलो म्हणजे 21 किलो. बिजागरी केबिनच्या बाजूला आहे, म्हणजे झाकण मागून उघडतं. उलट बाजूला ठेवली तर धावत्या गाडीचा वारा झाकणाखाली शिरणार, म्हणून त्यात वाद नाही. हौद्याच्या मागच्या टोकाला सव्वा फूट जागा उरते. तिथे उभं राहिलं की झाकणाची कड छातीशी येते. कडेला वजनाचा हुक काटा अडकवून ओढला तर साडेदहा किलो दाखवतो, निम्मा भार बिजागरी घेते म्हणून.

गॅसचे दांडे, म्हणजे मोटारीच्या डिकीला असतात तसले, पहिल्यांदा 250 न्यूटनचे आणले. झाकण उघडून हात सोडला की ते दमल्यासारखं हळूहळू खाली यायचं. मग 400 ची जोडी आणली. वर घट्ट राहायला लागलं, पण सुरुवातीचं उचलणं तसंच जड. काट्यावर पावणेआठ किलो. याचं कारण समजायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पेटी मिटलेली असते तेव्हा दांडा जवळजवळ आडवा पडलेला असतो. त्याचा सगळा जोर बिजागरीकडे जातो, वर ढकलायला फार थोडा उरतो. झाकण हातभर वर आलं की दांडा उभा व्हायला लागतो आणि मग तोच आपण होऊन उचलतो. म्हणजे आणखी ताकदीचे दांडे आणून उपयोग नाही. तसे आणले तर झाकण मिटताना मलाच लोंबकळावं लागलं असतं, आणि चौकट वाकली असती ती वेगळीच.

म्हणून दांड्याचं खालचं टोक पाच सेंटीमीटरनी खाली घेतलं. त्यासाठी चौकटीला आतून एक छोटी पट्टी वेल्ड केली आणि तिथे टोक धरलं. काट्यावर सहा किलो. एका हाताने उचलतं! मिटताना साधारण चार किलोची ओढ लागते, त्यासाठी झाकणाला आतून बॅगेचा जुना पट्टा बांधला आहे. तुमच्या झाकणाचं माप वेगळं असेल तर न्यूटनचे आकडे माझे उचलू नका. दांडा पक्का करण्याआधी शिकंजा लावून दोन-तीन जागा बघा आणि प्रत्येक जागी काटा ओढा.

कापडाचं थोडक्यात. सुरुवात ट्रकच्या प्लॅस्टिक ताडपत्रीने केली. एप्रिलच्या अखेरीला मी आणि मावसबहीण शेतातच झोपलो. पहाटे आतून थेंब गळत होते, आणि बाहेर आभाळ निरभ्र! ती वाफ आमच्याच श्वासाची. आता सुती कॅनव्हास आहे. ट्रकचे हूड शिवणाऱ्या काकांनी शिवून दिला. त्यांनी दोन्ही कडा एकमेकांत दुमडून वर दोन ओळी शिलाई मारली, तीही सुती दोऱ्याने. सुती दोरा भिजला की फुगतो आणि सुईची भोकं भरून काढतो. पण हे आपोआप होत नाही. नवा कॅनव्हास आधी पाइपने भिजवून उन्हात पूर्ण वाळवायचा, असं तीनदा केलं. पहिल्या वेळी शिलाईतून सरळ धारा लागल्या होत्या, तिसऱ्या वेळी फक्त ओल. पावसात आतून कापडाला पाठ टेकवायची नाही, हे बरोबर झोपणाऱ्यालाही सांगून ठेवा. टेकलं की तिथूनच पाणी आत उतरतं. आणि ओला तंबू मिटून घरी आणला तर त्याच दिवशी उघडून वाळवायचा. पहिल्या फेरीनंतर मी दोन दिवस आळस केला, तर खालच्या काठाला बुरशीचे काळे ठिपके आले, ते अजून गेलेले नाहीत.

आता तो कोपरा.

अंगणात पाइप धरून अर्धा तास पाणी मारलं होतं, तेव्हा एक थेंब आत आला नव्हता. जूनमध्ये पहिल्यांदा गगनबावड्याला गेले तर गादी भिजलेली. बिजागरीच्या सांध्यात सिलिकॉन भरलं. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच, उलट जास्त. परतल्यावर बघितलं तर सिलिकॉनला पूर्ण लांबीची चीर गेलेली. जे दर वेळी उघडतं-मिटतं त्याला भरलेलं सिलिकॉन धरून राहणार कसं?

पाणी नेमकं कुठून येतं ते कळेना. शेवटी आईची रांगोळी घेतली, गादी काढली आणि बिजागरीच्या आतल्या बाजूने प्लायवर बोटभर रुंद रेघ ओढली. पावसात याच रस्त्यावरच्या कळे गावापर्यंत गेले आणि परत आले. उघडलं तर रेघ मध्यभागी कोरडी होती, आणि डावीकडे शेवटच्या वीतभर भागात तिचा चिखल झालेला. त्याच बाजूला केबिनच्या टपाची कड संपते. समोरून येणारा वारा टपावरचं पाणी ढकलत थेट बिजागरीवर आपटत होता, खालून वर. अंगणात पाणी वरून खाली पडत होतं, म्हणून तिथे काही दिसलं नाही.

आप्पा गाडी घ्यायला शेडमध्ये आले होते. त्यांनी रांगोळी बघितली, सिलिकॉनची नळी बघितली आणि म्हणाले, “नुस्तं चिकटवून काय हुतंय गं? घराला वळचण असती का न्हाई? तशी काढ की.”

तेच केलं. झाकणाच्या पुढच्या कडेला चार इंच रुंद रबराची पट्टी, फक्त वरच्या बाजूने अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीखाली दाबून, दर 10 सेंटीमीटरला एक स्क्रू. खालची कड मोकळी, बिजागरीवरून खाली लोंबते. दोन्ही टोकांना ती पेटीच्या बाजूवर हातभर वळवली आहे, कारण पाणी टोकानेच शिरत होतं. केबिनच्या टपामागे घोडीला एक आडवी पट्टीही लावली, म्हणजे वाऱ्याने आलेलं पाणी आधी तिच्यावर फुटतं. आणि पेटीच्या तळाला पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत 6 मिमीची भोकं पाडली. चुकून काही आत आलंच तर गादीखाली साचण्याआधी निघून जाईल. सिलिकॉन सगळं खरवडून काढलं.

रविवारी साळवणच्या पुढे पाऊस एवढा वाढला की वायपर पुरेनात. मी मुद्दाम थांबले नाही, वेगही कमी-जास्त करत राहिले. ओळखीच्यांच्या परड्यात गाडी लावली, मागे चढले, झाकण एका हाताने उचललं. गादी काढून रांगोळीची रेघ बघितली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी आणि सुकी. रात्री रबराच्या कडेवरून पागोळ्या पडत होत्या, घराच्या वळचणीला पडतात तशाच, आणि मी आत पडून कितीतरी वेळ त्या ऐकत राहिले.

राहिलेलं काम : गादीखाली हवा खेळायला जाळी घालायची आहे, कारण सकाळी प्लाय आणि गादीच्या मध्ये थोडा दमटपणा लागला. शिडी अजून घरचीच लाकडी आहे, तिचे पाय चिखलात रुततात, त्यांना चपटे पत्रे मारणार आहे. खिडकीच्या जाळीची चेन पावसाच्या बाजूला येते, ती आतल्या बाजूला फिरवायला हूडवाल्या काकांकडे कापड परत न्यायचं आहे. ते म्हणाले, गणपतीच्या मांडवांचं काम सुरू व्हायच्या आत आण.