तळ्याकाठी घर घेताय? आधी काठ कुठला ते सांगा

मागच्या आठवड्यात जुन्या ऑफिसातल्या एका मित्राचा फोन आला, म्हणे तळ्याकाठच्या एका छोट्या वस्तीत घर बघतोय, तू तीन वर्षं तसाच राहतोयस ना, हवा कशी असते सांग. मी विचारलं काठ कुठला? तर म्हणे काठ कुठला म्हणजे काय, तळं एकच आहे की. हीच तर गोम आहे. मीपण असाच आलो होतो.

आम्ही घर बघायला आलो तेव्हा संध्याकाळ होती, पाण्यावर तिरकं ऊन, मस्त वारा, बायको गच्चीवरून खाली यायला तयार नाही, मग काय, सह्या करून मोकळे. आपण वाऱ्याच्या तोंडावरच्या काठाला आलोय हे नंतर कळलं. वर्षातले जास्त दिवस वारा पैलतीराकडून आमच्याकडे येतो आणि येताना लाटा, कचरा, शेवाळ, चिलटं जे असेल ते सगळं आमच्या दारात आणून टाकतो. पैलतीराचे लोक म्हणतात यंदा पाणी किती स्वच्छ आहे. असणारच, त्यांचं सगळं इकडे आलंय!

पण उन्हाळ्यात हाच काठ जिंकतो. पाणी भयंकर आळशी, कोरड्या मातीपेक्षा त्याला तेवढंच तापायला चार-पाच पट उष्णता लागते. त्यामुळे अकराच्या सुमारास जमीन तापली की तिच्यावरची हवा वर जाते आणि तळ्यावरची गार हवा आत घुसते, दुपारी आमच्याकडे पंखा लागत नाही आणि थोडं आत राहणारे घामाघूम असतात. रात्री उलटं, जमीन लवकर निवते आणि वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहायला लागतो. इटलीत गार्दा सरोवरावर तर या वाऱ्यांना नावं आहेत, सकाळी उत्तरेकडून पेलेर आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा, शिडाच्या बोटीवाले त्यावर दिवसाचं टाईमटेबल लावतात.

काठाकाठाचा फरक किती असू शकतो याचं टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या सीमेवरचं ईरी सरोवर. अमेरिकेतलं बफेलो शहर त्याच्या पूर्व टोकाला. नोव्हेंबर 2014 मध्ये गार वारा सरोवराच्या कोमट पाण्यावरून वाफ उचलत आला आणि शहराच्या दक्षिणेकडच्या भागात दीड मीटरहून जास्त बर्फ टाकून गेला, आणि तिथून थोडे मैल उत्तरेला जेमतेम काही इंच.

आता माझी फजिती. पहिल्याच वर्षी हवा भरायचा पॅडल बोर्ड घेतला (सगळेच घेतात, दुसऱ्या वर्षी तो माळ्यावर जातो). सकाळी सहाला उतरलो, काठाशी पाणी आरशासारखं, म्हणून लाईफ जॅकेट काठावरच ठेवलं. वल्ही मारतोय आणि बोर्ड असा काय पळतोय, मला वाटलं वा, जमलं की आपल्याला! पाठीवर वारा होता हे डोक्यातच आलं नाही. दोन-तीनशे मीटर आत गेल्यावर छोट्या लाटा सुरू झाल्या, वळलो तर वारा सरळ छातीवर, उभं राहिलं की आपलंच शीड होतं, वीस वल्ही मारली तरी काठावरचं ते एक झाड जिथल्या तिथे. शेवटी पोटावर पालथा पडून हातांनी पाणी ओढायला लागलो, खांदे भरून आले, तेवढ्यात शेजारचे काका मासेमारीच्या होडीतून आले आणि दोरी टाकली. रागावले नाहीत. येताना एवढंच म्हणाले, "अरे, पहाटेचा वारा आत नेतो. काठाशी झाडांच्या आडोशाला कळत नाही. पाण्याकडं काय बघतोस, शेंड्याकडं बघून उतरायचं."

तेव्हापासून शेंडे बघतो आणि जॅकेट घालूनच उतरतो. थंडी संपताना तर जास्तच, कारण हवा पंचवीस डिग्री असली तरी पाणी अजून दहावरच रेंगाळत असतं. अशा पाण्यात पडलं की पहिला मिनिटभर श्वासच आवरत नाही, नंतर दहाएक मिनिटांत हातपाय ऐकेनासे होतात, अंग गारठून जायला मात्र बराच वेळ लागतो. म्हणजे माणूस गारठायच्या आधीच बुडतो, चांगला पोहणारासुद्धा.

राहण्याचं म्हणाल तर ओल. दारं फुगतात, कपाटाला कुबट वास, चामड्याचे बूट दोन महिन्यांत हिरवे. चिलटं चावत नाहीत, पण पोर्चचा दिवा सुरू राहिला तर सकाळी पायरीवर त्यांचा अक्षरशः थर, झाडूने लोटावा लागतो. आणि आवाज! पाण्यावरची हवा गार आणि वरची गरम असली की आवाज वर न जाता खाली वळतो, त्यामुळे शनिवारी संध्याकाळी पैलतीराच्या पार्टीतली गाणी शब्दन् शब्द ऐकू येतात. सोमवारी मात्र शुकशुकाट, जवळ काहीच नाही, साधं डॉक्टरकडे जायचं तरी गाडी काढा.

हिरव्या शेवाळावरून मात्र आमच्या वस्तीत दर उन्हाळ्यात भांडण. पाण्यावर रंग सांडल्यासारखी साय आली की कुत्र्यांना सोडायचं नाही, ते पाणी पिऊन कुत्री मरतात. सगळे तावातावाने बोलतात आणि घरी जाऊन लॉनवर खत टाकतात, जे पुढच्या पावसात तळ्यातच जातं, शिवाय निम्म्या घरांच्या शोषखड्ड्यांकडे वर्षानुवर्षं कोणी बघितलेलं नाही. शेवाळाला फॉस्फरस लागतो तो आपणच पुरवतो. हे मी मीटिंगमध्ये बोललो, त्यानंतर दोन घरांनी हात करणं बंद केलं.

आणि तळीही बदलतायत. जपानच्या सुवा सरोवरावर बर्फ कधी धरतो याची नोंद तिथले पुजारी 1443 पासून ठेवतायत, आता बऱ्याच हिवाळ्यांत ते पूर्ण गोठतच नाही. काका म्हणतात इथे शेवाळ पूर्वी इतकं लवकर यायचं नाही. त्यांच्याकडे वही नाही, पण त्यांचं म्हणणं मी खोडून काढणार नाही.

तर मित्राला म्हटलं घराचा फोटो नको, काठावरच्या झाडांचा पाठव. त्याने पाठवला. सगळी झाडं पाण्याकडे पाठ करून एकाच बाजूला कललेली. मी लिहिलं, ये, आमच्यासारखाच काठ आहे, दुपारी गार वाटेल, फक्त चामड्याचे बूट आणू नकोस.